बुवाची गादी

कासीमभाई पिंजारी गाणं ऐकायला निघाला की डोईवर गादी असायची. स्वतःला न्हाई, गाणाऱ्याला. हा आपला उघड्या भुईवर बसायचा.

गाणारा एकच, हरबाजीबुवा. कुणाच्या तरी ओसरीत, भर दुपारी, दहा-बारा माणसांत बुवा गायचा. ‘बसणं टणक, तर गाणं टणक,’ हे कासीमभाईचं ठरलेलं. सेनगावात एका शेठनं बुवाला मखमली गादी टाकली, तर ह्यानं ती दाबून पाहिली अन् चारचौघांत म्हणाला, ‘शेठ, ह्यात सरकी हाय.’ शेठ लाल झाला. बुवा मात्र उठून कासीमभाईच्या गादीवर बसला.

मला गाण्यातलं कळत न्हाई. मी एकदाच गेलो, तेही माझी बायको गेल्यावर. दीड महिना मी घराबाहेर पडलो नव्हतो. बुवा म्हातारपणी मोगलाई सोडून जकातनाक्यापलीकडं, इंग्रजी मुलखात पुतण्याकडं राहायला गेलेला. गळा बसत चालला म्हणून त्या दिवशी शेवटचं गाणार होता. शेजारचा कासीमभाई दारात आला, चल म्हणाला. मी म्हटलं, मला काहून ओढून राहिला? म्हणे, ‘गादी एका डोक्याला जड व्हते.’ आजवर एकट्यानंच वाहिली होती.

कनेरगावच्या नाक्यावर जकातीच्या शिपायानं अडवलं. गादीत चांदी असंल, असं त्याला वाटलं. कासीमभाई त्याला कापूस किती वेळा पिंजला ते सांगत बसला, तसा त्याचा संशय पक्का झाला. त्यानं गादी उसवली. कापूस रस्ताभर.

चांदी निघाली न्हाई. जा म्हणाला. मी म्हटलं, कोंब कसाबसा अन् चल, गाणं सुरू झालं असंल. पण हा रस्त्यातच फतकल मारून बसला. एकेक पुंजका बोटांनी मोकळा केला, काड्या वेचल्या, भरलं, टाके घातले. मी शिव्या दिल्या. ‘बुवाला गाठ टोचंल,’ एवढंच बोलला.

पोचलो तेव्हा लोक चपला शोधून राहिले होते. बुवा फाटक्या पोत्यावर बसून गायला होता, अन् असा कधी गायला न्हाई, म्हणत होते.

कासीमभाईनं डोईवरची गादी उतरवली. बुवानं विचारलं, तुझ्यासाठी एखादं म्हणू का? आवाज पार बसला होता. हा म्हणाला, ‘नको बुवा. आता पडा.’ गादी अंथरली, बुवाला निजवलं, डोळा लागेस्तोवर पाय दाबले.

परत फिरलो. गावात त्याचं घर आलं, तरी हा आत गेला न्हाई अन् माझ्या ओसरीवर येऊन बसला. त्याची बायको जाऊन कैक वर्षं झाली होती. भिंतीला भिंत असून, बाबा तू कसं करतो, हे मी कधी विचारलं न्हाई.

चहा करावा म्हणून आत गेलो. चूल मी जन्मात पेटवली नव्हती. घरभर धूर झाला, डोळ्यांतून पाणी आलं.

बाहेरून तो म्हणाला, ‘आधी बारीक काटक्या लाव. मंग फुंक. पयले दिवस अशेच धुराचे.’