प्रवासाची रंगीत तालीम

एकटी जाणार म्हणजे एकटीच जाणार, असं सूनबाईनं चहाच्या वेळी जाहीर केलं आणि नवऱ्याच्या हातातलं बिस्कीट कपात बुडालं. पहिल्या शहरापर्यंत रेल्वे, तिथून बस, मग पुन्हा रेल्वे. पहिल्या शहरात मैत्रीण होती, दुसऱ्यात समुद्र होता आणि तिसऱ्यात ओळखीचं काहीच नव्हतं, म्हणून त्याच शहरावर तिचा जास्त जीव जडला होता.

"बस चुकली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसरी येईल."

"तीही चुकली तर?"

"आई, मी बस पकडायला चाललेय, चुकवायला नाही."

पण लग्नाआधी वडिलांचं बोट आणि लग्नानंतर नवऱ्याची बाही धरून फिरलेल्या माणसाला नुसत्या बाणेदार उत्तरानं गाडी मिळत नाही, हे तिलाही कळत होतं. लेक दुपारी झोपली की ती वेळापत्रक वाचत बसे. ते पाठ झालं तरी धीर काही होईना. शेवटी तिनं ठरवलं, नाटकाची रंगीत तालीम होते, मग प्रवासाची का नको?

माळ्यावर दोन सारख्या बॅगा होत्या. त्यातली एक तिनं काढली. कपडे दोरीवर वाळत होते, म्हणून वजनापुरती रद्दी कोंबली. आजी-नातीला झोपेतून उठवायचं जिवावर आलं. ती दार ओढून चालत स्टेशनावर गेली, जिने चढली, फलाट शोधला, बाकावर राणीसारखी बसली आणि खुशीत परत फिरली.

इकडे खालच्या शिंपीणबाईंनी वर येऊन सासूबाईंना उठवलं होतं. "बॅग घेऊन गेली हो! मागे वळूनसुद्धा बघितलं नाही." सासूबाईंनी मुलाला फोन केला, मुलानं सासऱ्यांना, म्हणजे सूनबाईच्या वडिलांना. फोन मात्र सूनबाई टेबलावरच विसरली होती. ती घरात शिरली तेव्हा खोलीत सुतक असल्यासारखे सगळे जमले होते. वडील खुर्चीत, शिंपीणबाई दारात, आणि नवरा ऑफिसचे बूट न काढता उभा.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "ओला टॉवेल पलंगावर मीच टाकतो. आणि तुझा निळा कप मांजरानं फोडला नव्हता."

"आपल्याकडे मांजर येतच नाही."

"तेच सांगतोय."

"पण मी तालमीला गेले होते!"

"तालमीला बॅग कोण भरतं?" वडील गरजले. तिनं चेन उघडून रद्दी दाखवली. त्यामुळे तर सासूबाईंना जास्तच काळजी वाटायला लागली.

बराच काथ्याकूट झाल्यावर वडिलांनी निकाल दिला. "जा. पण एक जरी गोष्ट चुकली, तर पहिल्याच शहरातून परत. मी स्वतः घ्यायला येईन."

"कबूल," ती म्हणाली.

नवरा तर पश्चात्तापानं पार विरघळला होता. ती रद्दीची बॅग रिकामी करायचं कामही त्यानं स्वतःहून अंगावर घेतलं.

जायच्या दिवशी त्यानं तिला बॅगेला हात लावू दिला नाही. दारामागची बॅग उचलली आणि जिना उतरताना कण्हला, "केवढी जड!"

"तीन शहरांची आहे," ती ऐटीत म्हणाली.

खिडकीतून लेकीनं हात हलवला. रडली नाही. रडली असती तर बरं, असं आईला वाटलं आणि तिचेच डोळे भरून आले.

गाडी सुटली. खिडकीची जागा, पदराला ओढणारं कुणी नाही, कुणाचं नाक पुसायचं नाही. समोरचं कुटुंब आपापसात भांडत होतं आणि त्या भांडणाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. गार वारा आला तशी शाल काढायला तिनं बॅग उघडली.

आत रद्दी होती; कपड्यांनी भरलेली दुसरी बॅग घरीच राहिली होती. आणि रद्दीवर एका कानाचा कापडी हत्ती, ज्याच्याशिवाय लेक झोपत नसे. आईला परगावी झोप यावी म्हणून तिनं तो गुपचूप आत ठेवला होता.

हत्तीला छातीशी धरून ती बसली, तेवढ्यात फोन वाजला. वडील.

"सगळं नीट घेतलंस ना? काही राहिलं असेल तर आत्ताच सांग. निघतोच मी."

तिनं डोळे पुसले, मैत्रिणीच्या कपड्यांचं माप आठवून पाहिलं आणि ताठ बसली.

"काही राहिलं नाही, बाबा," ती म्हणाली. "वाचायलासुद्धा भरपूर आहे."