शेवाळाची उपासमार

हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यासाठी पालिकेने मुख्य कार्यालयाच्या आवारात शेवाळाची काचेची टाकी बसवली आणि ती उद्यान निरीक्षकांच्या गळ्यात मारली. तीन महिन्यांनी टाकी गर्द हिरवी झाली. त्याच दिवशी सफाईवाल्या मावशींनी ती लख्ख घासून काढली.

"मावशी, अहो, हे काय केलंत?"

"केवढं शेवाळ धरलं होतं! कुणाचंच लक्ष नाही. म्हटलं, आपणच काढावं."

बाटलीभर शेवाळ तेवढे वाचले. आयुक्तांची पाहणी आठवड्यावर आली होती. टाकी हिरवी दिसली नाही, तर निरीक्षकांची बदली मोकाट कुत्री पकडण्याच्या विभागात होणार होती.

"कुत्री?" बायको म्हणाली. "अहो, तुम्हाला घरातलं मांजर जुमानत नाही!"

ते टाकीत ओतून निरीक्षक कामाला लागले. ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांतून शेवाळ आपले अन्न तयार करते आणि प्राणवायू सोडते, हे त्यांनी वाचले होते. ऊन मात्र चार जुन्या झाडांनी अडवले होते. झाडेही हाच उद्योग करतात, असे कनिष्ठ अभियंत्याने दबकत सुचवले.

"करत असतील. पण त्यांची पाहणी आहे का?"

झाडे तोडली. पाणी जरासे पोपटी झाले आणि तिथेच अडले. तंत्रज्ञाने टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाला कान लावून निदान केले, "पंप हवा ओढतोय, पण तिच्यात याचं खाणं कमी पडतंय."

निरीक्षकांनी लेखा विभागाची बैठक पंपाशेजारी भरवली. विभागाने तासभर मनापासून सुस्कारे सोडले. फरक पडला नाही. मग जनरेटर लावला. त्याचेही डिझेल संपले. अखेर फाटकावर पाटी लागली: 'पर्यावरण रक्षणासाठी आवारात वाहनांची इंजिने चालू ठेवावीत. हुकमावरून.'

पाहणीच्या दिवशी टाकी हिरवीगार होती. धुरातून ती सापडायला आयुक्तांना जरा वेळ लागला, इतकेच. खोकत खोकत त्यांनी निरीक्षकांची पाठ थोपटली.

"पाटीवरून लोकांनी आरडाओरडा केला असेल?"

"छे हो, साहेब! थुंकू नका, हॉर्न वाजवू नका, रांग मोडू नका, एवढ्या पाट्या लावल्या, एकही कुणी मानली नाही. ही मात्र लोक आपण लावायच्या आधीपासूनच पाळत होते."