पुरे आणि पूरा

न्यूट्रल

"अप्पांचं इंजिन अजून तीस वर्षं पळेल! त्याला नुसतं थोडं चेतवायला हवं!"

सीतारामरावांनी हे ठणकावून सांगितलं तेव्हा ते गाडीच्या मागे होते आणि गाडी ढकलत होते.

गाडी वडिलांची, म्हणजे अप्पांची. काळी, आणि आत ऐसपैस दिवाणखाना. सपाट रस्त्यावर बरी चालायची, पण पुलाचा चढ दिसला की नादस्वरवाल्याचा दम संपावा तशी मध्येच गप्प व्हायची. तंजावुरात तेव्हा नव्या, चिमुकल्या मोटारी तुरुतुरु फिरायला लागल्या होत्या. त्यातलीच एक पांढरी सीतारामरावांच्या मेव्हण्याने, बँकेतल्या शहाजीने, घेतली होती.

"भावोजी, इंजिन बदला!" शहाजी म्हणाला. तो ढकलत नव्हता.

"मग गाडीत अप्पांचं राहिलं काय? हॉर्न?"

"तो वाजत नाही," आत बसलेल्या त्यांच्या पत्नी भामाबाई म्हणाल्या.

विमा कचेरीत चाळीस माणसांवर हुकूम चालवणारे सीतारामराव तापले. कोपऱ्यावर हे इंजिन धडधडलं की अप्पा आले असं समजून त्यांनी लहानपणी पुस्तकं उघडली होती. ते भंगारात घालायचं?

"पैज!" ते म्हणाले. "आराधनेच्या उत्सवाला तिरुवैयारूला दोन्ही गाड्या एकदम सोडू. मी आधी पोचलो, तर अप्पांचं इंजिन गाडीत राहील आणि पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही. तू पोचलास, तर भंगार!"

शहाजी इतका हसला की शेवटी त्यालाही गाडीला हात टेकावा लागला. गाडी तेवढ्याने सुरू झाली.

पहिला गिअर

सुब्रमण्यमच्या वर्कशॉपमध्ये ताडपत्रीखाली एक इंजिन होतं. कुणाची तरी दोन वर्षांची गाडी कालव्यात कलंडली होती, तिच्यातलं.

"सार," त्याने तमिळमध्ये विचारलं, "तुमचंच इंजिन आतून घासून, बोअर करून मोठे पिस्टन टाकू, की हे बसवू?"

तंजावुरातल्या मराठी घरांची एक जुनी सोय आहे. चारचौघांत गुपित बोलायचं झालं की तमिळ बाजूला ठेवायचं आणि मराठीत शिरायचं. नवराबायको शिरले.

"ते घ्या हो. तरुण दिसतं."

"आपण लग्न जमवतोय का? बोअर केलं की झालं."

"तिरुवैयारूपर्यंत पाच नद्या आहेत. पाच पूल!"

"मग?"

"गेल्या पोंगलला मी नव्या पट्टुसाडीत गाडी ढकलली. मागून बसवाला ओरडला, 'अम्मा, अजून जोर लावा!' सगळी बस हसली. शिवाय त्याच्या आदल्या वर्षी..."

"पुरे!" सीतारामराव कडाडले. "पुरे, पुरे, पुरे!"

सुब्रमण्यमने पाना खाली ठेवला. "पूरावा, सार?"

सीतारामराव सुखावले. इतक्या वर्षांच्या सहवासाने याला मराठी यायला लागली तर!

"आमा, आमा!" त्यांनीही मग तमिळमध्ये हो म्हटलं. "पुरे!"

इथे गोष्ट जरा कडेला घेऊ. तमिळमध्ये 'पूरा' म्हणजे सगळं, अख्खंच्या अख्खं. नवरा बायकोला म्हणाला, आता बस कर. मेकॅनिकने ऐकलं, अख्खं बदल. भामाबाईंना दोन्ही भाषा उत्तम येत होत्या, त्यामुळे त्यांना दोन्ही अर्थ एकदम कळले. त्यांनी तोंड उघडलं. मग नवऱ्यानेच पुरे म्हटलंय हे ध्यानात घेऊन मिटलं, आणि त्या गजरा घ्यायला निघून गेल्या.

दुसरा गिअर

गाडी घरी आली. किल्ली फिरवताच सुरू झाली.

"ऐक! अप्पांचा आवाज कसा धीरगंभीर झालाय!"

"झालाय खरा," भामाबाई म्हणाल्या.

तिसरा गिअर

या गाडीत तो पडत नाही. थेट चौथा.

चौथा गिअर

वडवाऱ्याच्या पुलावर शहाजी पुढे होता. वेण्णाऱ्यावर बरोबरीला. वेट्टाऱ्यावर तो आरशात दिसत होता, आणि नंतर तिथेही दिसेना! सीतारामराव अख्ख्या रस्त्याला व्याख्यान देत सुटले. "हे जुनं लोखंड आहे, भामा! आजकालचं नाही हे, चहाच्या डब्याच्या पत्र्याचं!" कडेची भातशेतं, नारळ, सायकलवाले आणि एक बिचारी म्हैस भराभर मागे पडत होती.

तिरुवैयारूला कावेरीकाठी शहाजी पोचला, तेव्हा सीतारामराव बॉनेटवर हात ठेवून उभे होते. भोवती कॉफी पिणारे दहाबारा भाविक जमवलेले.

"ये! पाया पड अप्पांच्या इंजिनाच्या!"

आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

आत निळंशार इंजिन होतं. अप्पांचं काळं होतं.

"रंग दिलाय," सीतारामराव म्हणाले.

शहाजी वाकला. "भावोजी, याचे नटसुद्धा वेगळे आहेत."

"नटांनाही रंग दिलाय..." आवाज खाली आला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. भामाबाईंनी पुरे आणि पूरा यांतला फरक दोन वाक्यांत सांगितला. भाविकांपैकी एकाला मराठी येत होती. त्याने बाकीच्यांना तमिळमध्ये समजावलं. नदीकाठ हसला.

रिव्हर्स

शहाजीने मात्र चेहरा गंभीर केला. "पैज तुम्ही जिंकलात, भावोजी. शब्द म्हणजे शब्द. अप्पांचं इंजिन गाडीत राहणार! सुब्रमण्यमकडे ते अजून पडलंय. उद्या सकाळीच त्याला सांगतो, हे काढ आणि ते परत घाल."

सीतारामरावांनी निळ्या इंजिनाकडे पाहिलं. परतीच्या वाटेकडे पाहिलं. तिच्यावर तेच पाच पूल होते. त्यांनी बॉनेट हळूच, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं लावलं.

"उद्या नको," ते म्हणाले. "उद्या अष्टमी. चांगलं काम अष्टमीला करू नये."

"अहो, आराधना पंचमीला असते," भामाबाई म्हणाल्या. "आज पंचमी. उद्या अष्टमी कुठून आली?"

सीतारामराव आत बसले. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच हाकेला उठलं.

"आता ज्या वेगाने निघतोय ना," ते म्हणाले, "घरी पोचेपर्यंत अष्टमी लागेल!"