झांजा कुणाच्या हाती?

खेळाडू पळवणं कुणालाही जमतं. लपवायला मात्र निकुंज सामंतच लागतो! हे मी म्हणत नाही, कलकत्त्याचं अख्खं फुटबॉलचं मैदान म्हणतं. (मी सांगितल्यावर म्हणतं, पण म्हणतं!) क्लब बदलायचे पंधरा दिवस आले की आमच्याकडे एकेका तरण्या पोरावर चार-चार क्लबांची माणसं टपलेली असतात, मासळीवर मांजरं टपावीत तशी. कुणी पोराला मावशीकडे कोंडतो, कुणी इस्पितळात आजारी म्हणून निजवतो. मी तर एकाला श्राद्धाच्या मांडवात तीन दिवस आचारी म्हणून उभा केला होता. त्याच्या वांग्याच्या भाजीची आठवण लोक अजून काढतात!

त्या वर्षी माझा डोळा मृगांक दोलुईवर होता. वीस वर्षांचा, डावखुऱ्या पायाचा. चेंडू त्याच्या पायाला वासरासारखा बिलगून चालायचा. पण बंगवीर संघासारख्या बड्या क्लबात पोरगं तीन वर्षं राखीव बाकावर! दुसऱ्यांसाठी लिंबं कापायची, टाळ्या वाजवायच्या, घरी जायचं. तक्रारीचा शब्द नाही. रोज सकाळी भिंतीवर चेंडू मारून पाय मात्र तेज ठेवलेले.

"निकुंजदा, मला फक्त खेळायचंय," तो म्हणाला. "आणखी एक वर्ष बसलो ना, तर पाय विसरतील."

"आमच्या क्लबात, मिलन समितीत ये! उद्या पाचला नोंदणी बंद होते. तोवर तू ब्रह्मदेवालाही सापडणार नाहीस!"

जागा मनात तयारच होती. हुगळीकाठी माझ्या सासुरवाडीला चोवीस तासांचं नामसंकीर्तन होतं. नाम क्षणभरही थांबायचं नाही. हातातलं वाद्य दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय उठायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मृगांकला धोतर नेसवलं, कपाळी गोपीचंदन लावलं, हाती झांजा दिल्या आणि कीर्तन चालवणाऱ्या गोसाईबाबांच्या शेजारी बसवलं. दोन वाजता पुढची टोळी येणार, अडीचच्या गाडीने आम्ही निघणार, चारला सही! वर माझ्याही कानी हरिनामाचे चार बोल पडणार, हा आपला छोटासा स्वार्थ.

दोन वाजले. टोळीचा पत्ता नाही! त्यांचा टेम्पो वाटेत चिखलात रुतला होता म्हणे. अडीचच्या गाडीची शिट्टी मला ऐकू आली, पण बाबांचा आवाज तेव्हा असा लागला होता की मी डोळे पुसत बसलो. खरं सांगतो, शिट्टीसुद्धा सुरात वाटली!

मृगांकने माझ्या कानाशी तोंड आणलं. "दा, गाडी गेली."

"तीन वीसची आहे. नाम घे."

इतक्यात मांडवाबाहेर जीप थांबली. बंगवीरचा माणूस, घोंतन सारखेल! याला कळलं कसं? ते मला मागाहून कळलं. त्याने आमच्या घरी जाऊन चहा मागितला आणि सहज विचारलं. आमची ही म्हणाली, "छे, मी मुळीच सांगायची नाही! माझ्या माहेरी कीर्तनात लपलेत असं कुणाला सांगू नका, म्हणून बजावून गेलेत!"

घोंतन जोडे काढून मृगांकशी कुजबुजायला वाकला मात्र, तोच मृदंगवाल्याने मृदंग त्याच्या मांडीवर ठेवला आणि तो परसाकडे पळाला. बिचारा सकाळी फणसाची भाजी हाणून बसलेला! घोंतन मूळचा नवद्वीपचा, म्हणजे कीर्तनाच्या माहेरचाच. हात आपोआप चालू लागले, आणि माणूस अडकला!

मग त्याने तालातच सुरुवात केली, "परत ये रे, परत ये, आपल्या घरा परत ये!"

मी कशाला गप्प बसतो? त्याच चालीत घेतलं, "जाऊ नको रे, जाऊ नको, त्या बाकावर जाऊ नको!"

गोसाईबाबांनी डोळे किलकिले केले. नामात असे बोल विणायची आमच्याकडे रीतच आहे. त्यांना वाटलं, एक माया आणि एक सद्गुरू, जिवाला दोन्हीकडून ओढताहेत! (माया कोण, ते मी विचारलं नाही.)

आणि तेवढ्यात मृगांक गायला. झांज वाजवत, आमच्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात, "पहिल्या दिवशी, मैदानात मला उभं करशील का?"

मांडव गलबलला! पन्नास-साठ बायकांनी तोच चरण उचलला, "उभं करशील का? रे, उभं करशील का?" म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावू लागल्या.

घोंतन म्हणाला, "वेळ येऊ दे रे, वेळ येऊ दे..."

"उभं करशील का?" मांडव त्याच्यावर उलटला. त्याचा ठेका चुकला!

आता सगळे माझ्याकडे वळले. मैदानावर मी शंभर वेळा 'हो' म्हटलं असतं. पण तोंडात हरिनाम, समोर गोसाईबाबा! खोटं गळ्याखाली उतरतं, वर येत नाही. मी गायलो, "डावीकडे... सेक्रेटरींचा भाचा आहे... त्याला आधी जरा..."

"उभं करशील का?"

"...बघू," मी म्हणालो. तेही बेसूर!

मृगांकने झांजा माझ्या हाती दिल्या. बाबांच्या पाया पडला, माझ्या पडला, घोंतनच्याही पडला. आणि धोतर खोचून जो सुटला! दोन मैलांवर स्टेशन, हातात बारा मिनिटं. बांधावरून पळणारी ती पाठ पाहिली आणि मला कळलं, तीन वर्षं या पोराने पायांत काय साठवून ठेवलं होतं! आम्ही दोघे हलणार कसे? माझ्या हाती झांजा, त्याच्या मांडीवर मृदंग. पुढची टोळी आली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

पाचला पाच कमी असताना तो नोंदणीच्या कचेरीत पोहोचला. अनवाणी, कपाळी चंदन. कारकून म्हणाला, "बाबा, पुढच्या घरी जा." त्याने पेन मागितलं आणि तिसऱ्याच क्लबासाठी सही केली. नवपल्ली संघ! पत्र्याची शेड आणि एक बकरी, एवढाच त्यांचा थाट.

"असा कसा रे गेलास तिकडे?" मी नंतर विचारलं.

"त्यांचे खेळ शिकवणारे मास्तर कचेरीच्या दारातच भेटले. त्यांनाही तेच विचारलं, दा. ते म्हणाले, अकरावा माणूसच मिळत नाहीये, सोमवारी बूट घेऊन ये."

पहिलाच सामना आमच्याशी होता. मी सेक्रेटरींच्या शेजारी बसलो होतो. मृगांकने भाच्याला असं वळवलं की तो थेट आमच्याच बाकाजवळ येऊन बसला, आणि चेंडू जाळ्यात! माझ्या तोंडून मोठ्यांदा "हरिबोल!" निघालं.

सेक्रेटरींनी वळून बघितलं. मी म्हटलं, "चुकून निघालं हो."

दुसऱ्या आणि तिसऱ्या गोललाही चुकूनच निघालं.