अंश एक, छेद बारा

"चूक? आणि माझ्याकडून? अगं, चूक व्हायला आधी काहीतरी अस्पष्ट असावं लागतं. माझ्या चिठ्ठीत अस्पष्टतेला जागाच नाही!"

असं म्हणून 'म्हणजेच' सरांनी चहाचा कप मोठ्या दिमाखात खाली ठेवला. तो बशीत न बसता बशीच्या काठावर बसला आणि उरलेला चहा टेबलक्लॉथवर पसरला. मोठ्या कामाच्या धामधुमीत असल्या किरकोळ गोष्टींकडे सर लक्ष देत नसत. बायकोने फडकं आणलं.

सरांचं 'म्हणजेच' हे नाव पोरांनी ठेवलेलं. "त्रिकोणाला तीन बाजू, म्हणजेच तीन, म्हणजेच चार नाहीत," असं ते एका दमात सांगत. शाळेच्या वरच्या वर्गात ते 'तंत्र-गणित' शिकवायचे. पुढे कॉलेजात यंत्रं, बांधकाम, वायरिंग असलं काही शिकायला जाणाऱ्या पोरांना कामाचं गणित यावं, म्हणून त्यांनी हट्टाने सुरू करून घेतलेला विषय. त्यात फळ्यावरची गणितं कमी आणि मोजपट्टी जास्त. पोरं जिन्याच्या पायऱ्या मोजत, छपराचा कोन काढत, आणि शिपायाच्या स्टुलाचा चौथा पाय किती मिलिमीटरने आखूड आहे यावर अर्धा तास वाद घालत.

पण विषयाचा जीव टांगणीला लागला होता. शुक्रवारी तंत्रनिकेतनाच्या प्राचार्या स्वतः तपासायला येणार होत्या. त्यांनी मान्यता दिली, तर पोरांना तिकडे सरळ प्रवेश. नाही दिली, तर विषय बंद आणि सर परत पाचवी 'ब'वर! पाचवी 'ब' सरांनी सहा वर्षं सोसली होती. त्या वर्गाचं नुसतं नाव निघालं तरी त्यांचा डावा डोळा फडफडायचा.

म्हणून सरांनी बेत आखला होता. कार्यशाळेच्या दारापुढे तीन पायऱ्या होत्या, एकूण उंची पन्नास सेंटिमीटर. अवजड यंत्रांची ट्रॉली दरवेळी चौघांनी उचलून चढवावी लागे. तिथे रॅम्प बांधायचा! गणित पोरांचं, लाकूडकाम सुताराचं, आणि प्राचार्यांच्या डोळ्यांदेखत ट्रॉली अलगद वर! पोरांनी हिशेब चोख केला. बाराला एक असा चढ, पन्नास सेंटिमीटर उंची, म्हणून लांबी सहा मीटर. सुताराला फक्त चिठ्ठी पाठवायची बाकी होती.

"सरळ आकड्यांत एक-बारांश लिहा की," बायको म्हणाली.

"आणि मागच्यासारखं व्हावं? एका घराच्या मॉडेलसाठी मी 'प्रमाण १/१२' लिहिलं होतं. मार्चमध्ये! सुतारमामांनी ती तारीख समजून मॉडेल डिसेंबरच्या एक तारखेला आणून दिलं. वर मलाच म्हणाले, 'शब्द पाळला बघा, सर!' म्हणून यंदा आकड्यांची भानगडच नको. सगळं शब्दांत."

आणि चिठ्ठी गेली: 'रॅम्प. लांबी सहा मीटर, रुंदी सव्वा मीटर. उतार: अंश एक, छेद बारा. म्हणजेच'. इथे कागद संपला.

उंची लिहिलीच नव्हती. लांबी आणि उतार दिला की उंची आपोआप निघते, ती वेगळी लिहिणं म्हणजे समोरच्याच्या बुद्धीचा अपमान, असं सरांचं मत होतं.

सुतारमामा भला माणूस. कामात शंका ठेवायची नाही हा त्यांचा नियम, म्हणून बुधवारी त्यांनी फोन केला. मागे करवत चालू होती. इकडे शिक्षकांच्या खोलीत पंधरा जण एकदम बोलत होते.

"सर, छेद बाराच ना?"

"बाराच! साऱ्या जगात बाराच धरतात!"

"आणि केवढे?"

करवतीने तो 'ढे' कापून नेला. "आत्ताच सांगितलं ना मामा, बारा!"

"बारा, बारा-बाराचे. लिहून घेतलं. आणि अंश एक?"

"एकच! त्याच्या पुढे जायचं नाही."

"बरं, छेद वरच्या अंगाला घेऊ की खाली?"

सरांनी कपाळावर हात मारला. "अहो, छेद कुणी वर ठेवतं का? छेद खाली, अंश वर! चौथीतलं पोर सांगेल!"

"आमची गाडी तिसरीतच थांबली, सर. खाली तर खाली," मामा म्हणाले आणि करवत पुन्हा सुरू झाली.

सरांनी फोन ठेवला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बघितलंत? याला म्हणतात संवाद!"

शुक्रवारी सकाळी रॅम्प आला तेव्हा सर वर्गात फळ्यावर रंगीत खडूंनी स्वागत लिहीत होते. "सभागृहातला लाल गालिचा टाका त्याच्यावर, खालून थेट दारापर्यंत!" त्यांनी खिडकीतूनच शिपायाला हुकूम सोडला. गालिचा पडला. लांबून सरांना दिसला तो इतका सौम्य, इतका राजेशाही चढ, की त्यांना गहिवरून आलं.

"सर, एक शंका," मागून आवाज आला. ही वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तापदायक मुलगी. दिवसाला अकरा शंका काढायची म्हणून तिचं नावच शंका पडलं होतं. "चढ जरा कमी वाटतोय."

"नंतर!"

"आणि गालिचा मध्येमध्ये खाली बसलाय. गोल गोल."

"जुना आहे तो! शंका, पाहुणे येतायत. आज तू शंका काढलीस, तर उद्यापासून मी पाचवी 'ब'ला शिकवीन आणि तुला कोणी शिकवणार नाही!"

शंका गप्प बसली. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

प्राचार्या आल्या. उंच, ताठ, पायात भक्कम चामडी बूट. चहा नको, हार नको, भाषण तर नकोच. "रॅम्प कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हा काय, मॅडम! आता विद्यार्थी ट्रॉली..."

"ट्रॉली मागाहून. आधी मी चढते."

पहिलं पाऊल ठीक पडलं. दुसऱ्या पावलाला बुटाची टाच गालिच्यासकट आत रुतली! प्राचार्यांनी पाय ओढला, तर पाय आला आणि बूट तिथेच अडकून राहिला. तोल सावरायला त्यांनी दुसरा पाय बाजूला टाकला, तर तिथेही तेच. दोन मिनिटांत तंत्रनिकेतनाच्या प्राचार्या नुसत्या मोज्यांवर उभ्या होत्या आणि सरांचा डावा डोळा पिसाटासारखा फडफडत होता.

गालिचा उचलला. खालच्या अर्ध्या भागात सहा-सहाच्या दोन ओळींत बारा भोकं होती. गोल, सुबक, प्रत्येक बारा सेंटिमीटरचं! आणि सहा मीटर चालून रॅम्प जिथे संपत होता, तिथे तो पहिल्या पायरीच्याही खालीच होता. वरच्या तीन पायऱ्या गालिच्याने झाकल्या होत्या म्हणून अब्रू झाकली होती इतकंच.

"मामा!" सर किंचाळले. "ही भोकं कसली?"

सुतारमामा अभिमानाने पुढे आले. "छेद, सर. बारा. कडा घासून गुळगुळीत केल्यात, मॅडमना खरचटलंसुद्धा नसेल बघा!"

"नाही खरचटलं," प्राचार्या शांतपणे म्हणाल्या. "कडा उत्तम आहेत. पण कशासाठी?"

"मला वाटलं पाणी जायला असतील. शिकलेल्या माणसाचं डोकं, आपण कशाला मध्ये बोलायचं?"

"आणि दारापर्यंत का नाही पोचला?" सरांचा आवाज आता पार तळाला गेला होता.

"एक अंशच चढवा म्हणालात. त्याच्या पुढे जायचं नाही म्हणालात! पुढचा रॅम्प नंतर सांगाल असं वाटलं."

प्राचार्यांनी चिठ्ठी मागून घेतली. एकदा वाचली. मग चष्मा लावून पुन्हा वाचली. "काम चिठ्ठीबरहुकूम झालंय," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी कोणाची?"

सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. निदान बारा सेंटिमीटरची भोकं तरी जरा मोठी हवी होती.

तेवढ्यात शंकाला राहवेना. आधीच सकाळपासून दोन शंका पोटात साठलेल्या! "मॅडम, सहा मीटरवर एक अंश म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. हवेत पन्नास. साडेएकोणचाळीस कमी पडतात. चढ पावणेपाच अंशांच्या आसपास हवा. टेकू बदलले तर हाच रॅम्प पुरेल."

"आणि भोकं?"

"मामा, भोकं पाडून निघालेल्या चकत्या?"

"आहेत की! लाकूड टाकून कोण देतं?"

"मग परत बसवू. खालून पट्ट्या ठोकून."

प्राचार्यांनी घड्याळात पाहिलं. "एक तास देते," त्या म्हणाल्या आणि मोज्यांवरच पायरीवर बसल्या.

मग काय विचारता! कोणी उंच्या मोजतंय, कोणी टेकूंची लांबी काढतंय, मामा कापतायत, पोरं ठोकतायत. सर मदतीला धावले, तेव्हा शंकाने त्यांच्या हातात मोजपट्टीचं एक टोक दिलं आणि सांगितलं, "सर, फक्त धरा. काही सांगू नका." सरांनी धरलं. पावणेदोनशे किलोंची ट्रॉली पंचावन्नाव्या मिनिटाला दारातून आत गेली! प्राचार्यांनी बूट घातले, "पत्राने कळवू," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पुढचे आठ दिवस सरांना घास गोड लागला नाही. पाचवी 'ब'चं पुस्तकसुद्धा त्यांनी कपाटातून काढून पुसून ठेवलं. नवव्या दिवशी पत्र आलं. सरांनी ते बायकोपुढे सरकवलं आणि तिने फोडलं.

"मान्यता मिळाली!" बायको ओरडली.

"काय सांगतेस! मला माहीतच होतं! म्हणजेच माझी शिकवण्याची पद्धत..."

"थांबा हो, पुढे आहे." ती वाचू लागली. "'शिक्षकांची चूक विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून, तिचं कारण काढून, तासाभरात ती दुरुस्त करावी, हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. तो वर्षातून एकदाच न ठेवता दर आठवड्याला ठेवण्यात यावा.'"

सर मटकन खुर्चीत बसले. आनंद करावा की रडावं, ठरेना. अखेर कपाळाचा घाम पुसत काळजीच्या सुरात ते म्हणाले, "अगं, पण दर आठवड्याला एक नवी चूक? मी ती आणू कुठून? केवढी तयारी करावी लागेल!"

"छे!" बायको पत्राची घडी घालत म्हणाली. "तुम्ही नुसते वेळेवर जात जा."