रामोजीरावांचा अज्जा

रामोजीराव रोज सकाळी निवडुंगाचे केस विंचरायचे. हो, निवडुंगाचे! कुवेंपुनगरात त्यांचं घर आमच्या कंपाऊंडला लागून. मी डबे भरायला उभी राहिले की खिडकीतून हाच सोहळा. कुंडीत खांबासारखा सरळ, छातीएवढा उंच निवडुंग, अंगभर पांढरी लोकर. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरउतारावरचा, म्हणे! नाव ठेवलं होतं अज्जा, म्हणजे कानडीत आजोबा.

विंचरून झालं की विचारणार, "अज्जा, ऊट आयता?" जेवलास का! महिना महिना पाणी न लागणाऱ्याला हा प्रश्न!

पाऊस आला की छत्री अज्जावर आणि राव बाजूला भिजत उभे.

"राव, आत जा, ताप येईल!"

"अय्यो, मला काय होतंय? त्याला ओल सोसत नाही, अल्लवा, नाही का?"

मग ताप यायचाच. आणि काढा कोण करणार? मी! वर माझ्या वाळत घातलेल्या साडीची सावली अज्जावर पडते म्हणून दोरीही मीच सरकवायची. डोक्याला ताप नुसता!

मग ते भाचीच्या लग्नाला एच. डी. कोटे गावी पंधरा दिवस गेले. जाताना बजावलं, "वैनी, पाणी नको. सुम्ने लक्ष ठेवा." नुसतं लक्ष मी ठेवलंही. पण आमच्या सासूबाई! तुळशीला घालून उरलेलं पाणी त्या माझ्या नकळत रोज कंपाऊंडवरून अज्जाच्या बुडात ओतत होत्या. "पिकल्या केसांचं म्हातारं दारात तहानलेलं ठेवायचं? पाप लागेल!"

राव परतले तोवर अज्जा बुडाशी सडला होता. सासूबाई रडायलाच लागल्या. मला वाटलं, आता राव आकाशपाताळ एक करणार. पण ते एवढंच म्हणाले, "असू दे, आई. तुम्ही त्याला उपाशी ठेवलं नाहीत." सडका भाग कापून त्यांनी वरचा तुकडा सावलीत वाळत ठेवला. मुळं फुटली तर जगेल, नाहीतर गेला.

दुसऱ्या दिवशी फणी नाही, प्रश्न नाही. राव पायरीवर नुसते बसलेले. बायको गेल्यापासून त्या घरात तेवढाच काय तो आवाज होता. मेलं माझं कशात लक्ष लागेना. शेवटी वैतागून कंपाऊंडपाशी गेले आणि ओरडले, "राव, ऊट आयता?"

ते दचकले. आधी त्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इल्ला," म्हणाले. नाही जेवलो. आणि डोळे पुसत, "वैनी, आणखी एकदा विचारा की."