रुखवतातली उलटी टोपली

आमच्या शेजारच्या सिद्रामअण्णांना लग्नाचं आमंत्रण द्यायचं म्हणजे मुलीकडचे दहादा विचार करतात. तसा माणूस देवासारखा. आहेर भरघोस, जेवण माफक, मानपानाची कटकट नाही. पण कार्यालयात शिरले की नवरा-नवरीकडं ढुंकूनही न बघता ते तडक रुखवताच्या टेबलाकडं जातात, तिथली मण्यांची टोपली उचलतात आणि सगळ्यांदेखत उलटी करतात. आतले लाडू घरंगळत स्टेजखाली गेले तरी यांना फिकीर नाही!

मग चष्मा कपाळावर, बोट टोपलीच्या बुडावर, आणि निकाल. "गाठ आत दडवलीया. विजापूरकडची बाई हाय." किंवा, "दोन-दोन गाठी? ही आपल्याच शहराच्या पूर्व भागातली, विणकराच्या घरची." आणि ज्या निकालाची सगळ्यांना धास्ती, तो म्हणजे, "तंगूसाचा दोरा उदबत्तीनं जाळून चिकटवलाय. बाजारातनं आणली की ओ ही!" शेजारी पाटी असते, 'वधूची हस्तकला'. वधूची आई पदर तोंडाला लावते आणि वरमाय गालातल्या गालात हसते.

निकाल झाला की अण्णा टोपली जागेवर ठेवतात आणि स्वतःशीच पुटपुटतात, "हां. ही न्हाय." म्हणजे काय, ते आम्ही कधी विचारलं नाही. लाडू गोळा करण्यात वेळ जातो हो!

अण्णांची सगळी नोकरी चादरीच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. दिवसभर चादरी उलट्या करायच्या आणि विणीतली चूक शोधायची. तीच खोड हाताला लागली असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्याकडं चहाला आले तर बशी उलटी करून बघतात. एकदा तर सुमननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ताटात वाढलेली भाकरी उलटी करून म्हणाले, "ज्वारी मंगळवेढ्याची." बरोबर होतं! वर म्हणतात, "काय करू? उलटं केल्याबिगर मला कळतच न्हाय." त्यांची बायको, नीलव्वाकाकू, जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा हुबळीला. एकट्या माणसाला काहीतरी चाळा हवाच, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

पण आमच्या गौरीचं लग्न ठरलं आणि चाळा आमच्या दारात आला. गौरी पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. शर्टाचं बटण तुटलं तर ती शर्ट बदलते. तरी सुमनला रुखवतात हस्तकला हवीच! तिनं माळ्यावरच्या ट्रंकेतनं लाल-पांढऱ्या मण्यांची एक जुनी टोपली काढली. कुणी दिली, कधी दिली, तिलाच आठवेना. धुतली, पुसली आणि पाटीसुद्धा लावली.

मी म्हटलं, "अगं, अण्णा येणार आहेत!"

"त्यांना सांभाळणं तुमचं काम," ती म्हणाली.

मी सांभाळलंही. टेंभुर्णीच्या मामांना त्यांच्या शेजारी बसवलं. मामा उसावर बोलायला लागले की माणूस जागचा हलू शकत नाही. पण घोळ भलतीकडूनच झाला. नवऱ्यामुलाची मावशी टोपलीपाशी थबकली. "एवढी नोकरी करून गौरीनं केली? कमाल हाय बाई! ते टोपल्यांचे अण्णा आलेत न्हवं? बोलवा की त्यांना."

झालं! सुमनचा चेहरा पांढराफटक. माझ्या नव्या सदऱ्याला घाम फुटला. सासरी पाऊल टाकायच्या आधीच पोरीचं हसं होणार.

अण्णा आले. टोपली उचलली, उलटी केली. चिवडा सांडला. बोट बुडावरून गोल फिरलं. पुन्हा फिरलं. मग तिसऱ्यांदा. इतका वेळ त्यांना कधी लागत नाही.

"काय ओ अण्णा, कुठली?" मावशींनी विचारलं.

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "कुठली म्हंजे? हितलीच की. गौरीनं केलीया. मी सोता बघितलंय हिला विणताना."

मावशींनी कौतुकानं मान डोलावली. मी तर उडालोच! अण्णांनी टोपली अलगद खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "ही हाय." मी शेजारीच होतो म्हणून ऐकू आलं.

अक्षता पडल्यावर जेवायला त्यांच्या शेजारी बसलो. "अण्णा, चक्क खोटं बोललात?"

"नीलाची हाय ती," अण्णा पानाकडं बघत म्हणाले. "डावखुरी व्हती न्हवं का. सगळ्यांचे मण्यांचे फेरे हिकडनं तिकडं जातात, तिचे तिकडनं हिकडं. ज्या पोरीला विणता येत न्हाय, तिला गुपचूप करून द्यायची आन् म्हणायची, तुझीच म्हणून सांग. मग मी कोण ते मोडणारा? सगळ्या वाटल्या बगा तिनं. घरात एक ठिवली न्हाय. बारा वर्षं हुडकतोय."

जिलेबी वाढायला आलेली सुमन तिथंच थांबली. "अगंबाई! माझ्या डोहाळजेवणाला काकूंनी ओटीत दिली होती. मुलगी झाली तर तिच्या रुखवतात मांड, म्हणाल्या होत्या. आणि मी मेली विसरले!" तिचे डोळे भरून आले. मला माझीच लाज वाटली. बारा वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो, आणि टोपली आमच्याच माळ्यावर पडून होती.

गौरीला कळलं तशी ती शालू सावरत टोपली घेऊन आली. "अण्णा, घरी न्या ही."

"न्हाय गं बाई! तिनं दिलेलं परत आणलं तर वर गेल्यावर मला उंबऱ्याच्या आत घेईल व्हय ती?"

आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले. मग हात पुसून, आजवर कुणाच्याही रुखवताला न विचारता हात घालणारा हा माणूस, एकदम बुजून म्हणाला, "गौरी, आजून येकदा उलटी करून बगू का?"

गौरी त्यांच्या पानापुढं खाली बसली आणि तिनंच टोपली उलटी करून त्यांच्यासमोर धरली.